जैविक नमुन्यांचे दान : संशोधनाची गरज आणि लोकांचा विश्वास

बेंगळुरूच्या आग्नेय भागात, होसूर रस्ता आणि सर्जापूर रस्ता यांच्या दरम्यान, बेंगळुरू विकास प्राधिकरणाने आखलेली एचएसआर लेआउट ही वसाहत आहे. तिच्या नावातील तीन अक्षरे या रस्त्यांवरूनच आली आहेत. पहाटे अगरा तलावाच्या बाजूने फिरायला निघालेल्या माणसाला येथे एक दृश्य नेमाने दिसते. पाठीवर शीतपेटी अडकवलेले तरुण दुचाकीवरून घरोघरी जातात, उपाशीपोटी वाट पाहत बसलेल्या रहिवाशांच्या दंडाला पट्टा बांधतात आणि रक्ताच्या दोन-तीन नळ्या भरून घेऊन जातात. मधुमेह, कोलेस्टेरॉल, थायरॉइड यांच्या तपासणीसाठी लोक या नळ्यांचे पैसे मोजतात. तपासणी झाल्यावर नळीत उरलेल्या रक्ताचे काय होते, असा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही.

काही काळापूर्वी प्रस्तुत लेखकाच्या इमारतीतील सूचनाफलकावर एक वेगळे निवेदन लागले. चाळिशी ओलांडलेल्या रहिवाशांनी एका दीर्घकालीन आरोग्य-अभ्यासासाठी स्वेच्छेने रक्ताचा नमुना द्यावा, तो अनेक वर्षे जतन केला जाईल आणि त्यावर जनुकीय संशोधनही होईल, असा त्याचा आशय होता. तपासणीसाठी निःशंकपणे हात पुढे करणाऱ्या त्याच रहिवाशांच्या मनात आता अनेक शंका उभ्या राहिल्या. काहींनी होकार दिला, काहींनी नकार दिला आणि बहुतेकांनी निर्णय पुढे ढकलला. सुई तीच, नळी तीच, रक्तही तेच. मग फरक नेमका कशात पडला?

हा फरक समजून घेणे हा या लेखाचा हेतू आहे. संशोधनासाठी नमुना देण्यास लोक कचरतात ते अज्ञानामुळे, असे गृहीत धरण्याची प्रथा आपल्याकडे आहे. वास्तविक या शंकांपैकी बहुतेक शंका रास्त आहेत आणि त्यांची उत्तरे देणे ही संशोधन संस्थांची व शासनाची जबाबदारी आहे. ती पार पाडली गेली नाही तर नमुन्यांची संख्या घटते, एवढेच नुकसान होत नाही. कोण नमुना देतो आणि कोण देत नाही, यावर कोणाच्या आजाराचे ज्ञान निर्माण होणार हे ठरते.

नमुनादान म्हणजे काय?

रक्त, लाळ, लघवी, नाळेतील रक्त, शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीचा तुकडा इत्यादी शरीरजन्य पदार्थांना जैविक नमुने म्हणतात. नमुना व त्याच्या दात्याचे वय, आहार, आजार, औषधोपचार यांची माहिती एकत्रितपणे आणि पद्धतशीरपणे जतन करणाऱ्या व्यवस्थेस जैवपेढी किंवा बायोबँक असे संबोधले जाते. नोंदीशिवाय नमुना मुका असतो. आणि नेमकी ही नोंदच दात्याच्या दृष्टीने सर्वाधिक संवेदनशील असते.

संशोधकांकडे नमुने तीन मार्गांनी येतात. पहिला मार्ग, उपचार किंवा तपासणीनंतर उरलेले नमुने. दुसरा, संशोधनाच्या हेतूने स्वतंत्रपणे मागून घेतलेले नमुने. तिसरा मार्ग मृत्यूनंतरच्या दानाचा आहे. एचएसआर लेआउटपासून होसूर रस्त्याने शहराकडे निघाले की निम्हान्स ही राष्ट्रीय मानसिक आरोग्य व चेतासंस्था विज्ञान संस्था लागते. तेथे १९९५ पासून मानवी मेंदूच्या ऊतींची पेढी कार्यरत आहे. तेथे येणारा प्रत्येक नमुना हा शोकमग्न कुटुंबाने काही तासांच्या आत घेतलेला निर्णय असतो.

नमुनादान, रक्तदान आणि देहदान यांत भेद करणे आवश्यक आहे. महाराष्ट्रात गणेशोत्सवाच्या मंडपात किंवा जयंतीच्या निमित्ताने भरणारी रक्तदान शिबिरे सर्वांच्या परिचयाची आहेत. दधीची ऋषींच्या कथेचा आधार घेत देहदानाची चळवळही राज्यात रुजली आहे. रक्तदानात लाभार्थी अनोळखी असला तरी लाभ तात्काळ व डोळ्यांना दिसणारा असतो. शिवाय रक्ताची पिशवी दिली की दात्याचा तिच्याशी असलेला संबंध संपतो. नमुनादानात संबंध तेथून सुरू होतो. नमुन्यातून पुढील दहा-वीस वर्षे दात्याविषयी, त्याच्या भावंडांविषयी आणि अपत्यांविषयी नवी माहिती निघत राहू शकते. तिचा लाभ मिळणारी व्यक्ती कदाचित अजून जन्मालाही आलेली नसते.

अर्थशास्त्रीय दृष्टिकोन

अर्थशास्त्राच्या परिभाषेत अशा संशोधनातून निर्माण होणारे ज्ञान ही सार्वजनिक वस्तू आहे. एकाने तिचा उपभोग घेतल्याने ती दुसऱ्यासाठी कमी होत नाही आणि ज्याने नमुना दिला नाही त्यालाही तिच्या लाभापासून वंचित ठेवता येत नाही. परिणामी प्रत्येकाला असे वाटू शकते की, नमुना इतरांनी द्यावा आणि औषध मात्र सर्वांना मिळावे. पाठ्यपुस्तकांत फुकट लाभार्थ्याची समस्या या नावाने हीच प्रवृत्ती शिकविली जाते.

यावर पैसे देऊन नमुने घेणे हा उपाय सहज सुचतो. या संदर्भात ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ रिचर्ड टिटमस यांनी १९७० साली प्रसिद्ध केलेल्या ‘द गिफ्ट रिलेशनशिप’ या ग्रंथाचा उल्लेख करावा लागेल. ब्रिटनमधील ऐच्छिक रक्तदान आणि अमेरिकेतील सशुल्क रक्तसंकलन यांची तुलना करून त्यांनी असे प्रतिपादन केले की, पैशाचा व्यवहार आला की रक्ताची गुणवत्ता घसरते आणि परोपकाराची भावनाही क्षीण होते. नोबेल पुरस्कारप्राप्त अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी १९७२ मध्ये यातील दुसऱ्या निष्कर्षाविषयी शंका उपस्थित केली. काहींना विक्रीची मुभा दिल्याने इतरांची दानवृत्ती का आटावी, असा त्यांचा प्रश्न होता. भारतापुरते बोलायचे तर सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निर्णयानुसार १ जानेवारी १९९८ पासून व्यावसायिक रक्तविक्रीवर बंदी आली. संशोधनाच्या बाबतीतही भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची मार्गदर्शक तत्त्वे प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी यांची भरपाई करण्यास मान्यता देतात; मात्र सहभागासाठी भुरळ पडेल असे प्रलोभन त्यांना अमान्य आहे. गरजू व्यक्ती पैशासाठी जोखीम पत्करील, ही त्यामागील भीती अनाठायी नाही.

पैसा हा मार्ग नसेल तर उरतो तो विश्वास. येथे दुसरी अडचण येते ती असममित माहितीची. नमुन्याचे पुढे काय होणार हे संशोधकाला ठाऊक असते, दात्याला नसते. ज्या व्यवहारात एका पक्षाला दुसऱ्याच्या शब्दावर विसंबावे लागते, तेथे नियम, देखरेख आणि पूर्वानुभव यांच्या बळावरच व्यवहार टिकतो.

नमुन्यांनी आजवर काय दिले?

शंकांचा विचार करण्यापूर्वी नमुनादानाची फलश्रुती पाहणे उचित ठरेल. कोविड-१९ च्या साथीत २०२० मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने रुग्णांच्या नमुन्यांतून विषाणू वेगळा केला आणि तो लसनिर्मितीसाठी भारत बायोटेक कंपनीस उपलब्ध करून दिला. त्यातून कोव्हॅक्सिन ही लस साकारली.

त्याहून दीर्घ पल्ल्याचे उदाहरण पुणे जिल्ह्यातीलच आहे. केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळील सहा गावांत माता-पोषणाचा अभ्यास सुरू केला. येथील नवजात बालके वजनाने ब्रिटिश बालकांपेक्षा बरीच कमी भरत; परंतु त्यांच्या शरीरातील चरबीचे प्रमाण तुलनेने टिकून होते. ‘कृश तरीही मेदयुक्त’ अशा या अर्भकाच्या संकल्पनेमुळे भारतीयांना तरुण वयात मधुमेह का जडतो, या प्रश्नाकडे पाहण्याची दृष्टी बदलली. गरोदर मातांच्या रक्तनमुन्यांच्या तपासणीत सुमारे दोन-तृतीयांश स्त्रियांमध्ये ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता आढळली. ज्या मातांमध्ये ब-१२ कमी आणि फोलेट अधिक होते, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिन-प्रतिरोध सर्वाधिक दिसून आला, असा निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे याच मुलांना किशोरवयात ब-१२ देऊन त्याचा परिणाम पाहण्याची चाचणी हाती घेण्यात आली. पहिल्या पिढीने दिलेल्या नमुन्यांचा धागा दुसऱ्या पिढीपर्यंत पोहोचला, हे येथे लक्षणीय आहे.

धाराशिव, म्हणजे तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यातील अभ्यासाचे उदाहरणही बोलके आहे. टाटा स्मारक केंद्र, बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांच्या सहकार्याने १९९९ पासून तेथे १,३१,७४६ स्त्रियांचा समावेश असलेली चाचणी झाली. गर्भाशयमुखातील पेशींच्या नमुन्यावर केलेल्या एका एचपीव्ही चाचणीमुळे या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्याने कमी होतात, हे २००९ मध्ये सिद्ध झाले. जगभरच्या तपासणी-धोरणावर या निष्कर्षाचा प्रभाव पडला. त्याच वेळी तुलनेसाठी निवडलेल्या गटातील स्त्रियांना ही चाचणी न देणे कितपत न्याय्य होते, असा वादही नंतर उपस्थित झाला. एकाच अभ्यासातून उपयुक्त ज्ञान आणि कठीण नैतिक प्रश्न दोन्ही निर्माण होऊ शकतात, हा धडा विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावा.

परदेशी नमुन्यांवरील संशोधन आपल्याला पुरेसे का पडत नाही, याचे उत्तरही अशाच अभ्यासांत आहे. भारतीय उपखंडातील सुमारे चार टक्के लोकांमध्ये हृदयाच्या स्नायूशी संबंधित एका जनुकाचा छोटा अंश गळालेला असतो आणि त्यामुळे हृदय निकामी होण्याचा धोका वाढतो, हे २००९ मध्ये हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्राच्या सहभागाने झालेल्या संशोधनातून पुढे आले. केवळ युरोपीय नमुने तपासून हे कळले नसते.

लोकांचे चार प्रश्न

लोकमानसाविषयी उपलब्ध असलेली आंतरराष्ट्रीय पाहणी उद्बोधक आहे. भारतासह २२ देशांतील ३६,२६८ व्यक्तींची मते १५ भाषांतून जाणून घेणाऱ्या, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की, आपली जनुकीय माहिती संशोधनास देण्याची तयारी एकंदरीत कमीच आहे. माहिती डॉक्टरांकडे जाणार असेल तर लोक सर्वाधिक राजी असतात आणि नफ्यासाठी काम करणाऱ्या संशोधकाकडे जाणार असेल तर सर्वांत कमी. जनुकशास्त्राची तोंडओळख असलेल्यांची आणि माहिती वापरणाऱ्यांवर विश्वास असलेल्यांची तयारी अधिक दिसली.

एचएसआर लेआउटमधील शेजाऱ्यांशी झालेल्या गप्पा म्हणजे काही सर्वेक्षण नव्हे. तथापि त्यांत पुनःपुन्हा उपस्थित झालेले प्रश्न चार होते आणि ते या पाहणीशी सुसंगत होते.

पहिला प्रश्न उद्देशाचा : ‘एका कामासाठी घेतलेला नमुना दुसऱ्याच कामाला वापरला तर?’ ही भीती काल्पनिक नाही. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातील हावासुपाई या आदिवासी जमातीने १९९० च्या सुमारास मधुमेहाच्या अभ्यासासाठी रक्त दिले. पुढे त्याच नमुन्यांचा उपयोग मानसिक विकार आणि जमातीच्या मूळ स्थलांतराचा शोध यांसाठी झाल्याचे उघडकीस आले. न्यायालयीन लढ्यानंतर २०१० मध्ये विद्यापीठाने तडजोड करून ४१ सदस्यांना एकूण ७ लाख डॉलर दिले आणि उरलेले नमुने परत केले. यावर उपाय म्हणून संमतीचे प्रकार विकसित झाले आहेत. एकाच अभ्यासापुरती ती विशिष्ट संमती. कोणकोणत्या प्रकारच्या संशोधनास होकार वा नकार आहे हे दात्याने निवडायचे ती स्तरित संमती. आणि भविष्यातील सर्वसाधारण संशोधनासाठी दिलेली ती व्यापक संमती. संशोधकाला व्यापक संमती सोयीची वाटते, तर दात्याला स्तरित संमतीत अधिक अधिकार राहतो.

दुसरा प्रश्न मालकीचा : ‘माझ्या रक्तातून कोणी कोट्यवधी कमावले तर माझे काय?’ अमेरिकेत १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या कर्करोगाच्या पेशी तिला न विचारता घेण्यात आल्या. हेला या नावाने त्या जगभरातील प्रयोगशाळांत वाढत राहिल्या. तिच्या वारसांची एका कंपनीशी तडजोड व्हायला २०२३ साल उजाडावे लागले. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये दुसऱ्या एका खटल्यात असा निवाडा दिला की, शरीरातून काढलेल्या पेशींवर रुग्णाची मालकी राहत नाही. मात्र आपला संशोधनविषयक व आर्थिक हितसंबंध डॉक्टरने रुग्णाला आधी सांगितलाच पाहिजे. भारतात परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी याहून वेगळी भूमिका घेतली. त्यांनुसार नमुना आणि माहिती दात्याची असते आणि जैवपेढी ही तिची विश्वस्त असते. येथे एक वैधानिक बाब नोंदविली पाहिजे. जैविक संपत्तीच्या वापरातून मिळणाऱ्या लाभाचे न्याय्य वाटप व्हावे, यासाठी जैविक विविधता अधिनियम, २००२ अस्तित्वात आला. परंतु त्यातील जैविक संसाधनांच्या व्याख्येतून मानवी जनुकीय सामग्री वगळलेली आहे. हळदीच्या किंवा कडुनिंबाच्या बाबतीत लाभवाटपाची जी कायदेशीर चौकट आहे, ती माणसाच्या रक्ताला लागू नाही.

तिसरा प्रश्न गोपनीयतेचा : ‘ही माहिती विमा कंपनीला किंवा मुलीच्या सासरी कळली तर?’ आपल्या समाजात या प्रश्नाचे वजन मोठे आहे. जनुकीय माहिती एका व्यक्तीची नसते. ती कुटुंबाची आणि कित्येकदा समूहाची असते. दक्षिण भारतातील आर्य वैश्य समाजात काही व्यक्तींना शस्त्रक्रियेच्या वेळी दिल्या जाणाऱ्या स्नायू शिथिल करणाऱ्या एका औषधाचा अंमल उतरण्यास बराच वेळ लागतो, याचे कारण आनुवंशिक आहे. भूलतज्ज्ञास हे ठाऊक असल्यास प्राण वाचतात. त्याउलट, सिकलसेलसारख्या विकाराची नोंद विवाहाच्या वेळी अडसर ठरू शकते. म्हणजेच समूहाविषयीची माहिती उपकारकही ठरते आणि कलंककारकही. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ सदस्यीय घटनापीठाने २०१७ मध्ये खाजगीपणाचा हक्क हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला. मात्र विहित मानके पाळून आणि एखाद्या व्यक्तीविषयी निर्णय घेण्यासाठी वापर होत नसेल तर संशोधनास त्यातून सूट देण्यात आली आहे. शिवाय हा अधिनियम डिजिटल माहितीपुरता असल्याने शीतकपाटातील नळी स्वतः त्याच्या कक्षेत येत नाही. अमेरिकेत जनुकीय माहितीच्या आधारे होणाऱ्या भेदभावास प्रतिबंध करणारा कायदा २००८ पासून आहे. भारतात तसा स्वतंत्र कायदा नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये आरोग्य विम्यातून सर्व आनुवंशिक विकार सरसकट वगळणे भेदभावाचे ठरते, असे मत नोंदविले, हे या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

चौथा प्रश्न सर्वांत साधा होता : ‘मला रिपोर्ट मिळणार का?’ तपासणीची नळी आणि संशोधनाची नळी यांतील फरक या प्रश्नात सामावलेला आहे. पहिलीचे उत्तर संध्याकाळपर्यंत भ्रमणध्वनीवर येते. दुसरीचे उत्तर येतच नाही. संशोधनातील निष्कर्ष समूहाविषयी असतात आणि व्यक्तीला उपयोगी पडण्याइतके ते निश्चित असतीलच असे नाही. तथापि, नमुना तपासताना उपचार करण्याजोगा गंभीर आजार दिसला तर दात्याला कळवायचे की नाही? बेंगळुरूच्या सेंट जॉन्स संशोधन संस्थेतील अभ्यासकांनी वैयक्तिक निष्कर्ष परत करणे, मालकी आणि लाभवाटप या विषयांवर नैतिकता समित्यांचे सदस्य व संशोधक यांची मते अभ्यासली आहेत. संमतिपत्रावर सही घेण्यापूर्वीच या प्रश्नाचे उत्तर ठरलेले असावे, हे तत्त्व सर्वमान्य व्हावयास हवे.

ज्यांना विचारलेच जात नाही

या चर्चेत पाचवा प्रश्न अनपेक्षित ठिकाणाहून आला. आमच्या इमारतीत काही घरी स्वयंपाक करणाऱ्या एक बाई बीदर जिल्ह्यातील भालकी तालुक्यातल्या आहेत. त्या भागातील अनेकांप्रमाणे त्या घरी मराठीच बोलतात. फलकावरील इंग्रजी निवेदनाविषयी आम्ही बोलत असता त्यांनी विचारले, ‘‘काका, आमचं रक्त चालत नाही का त्यांना?’’ निवेदन फक्त रहिवाशांसाठी होते. दिवसातील आठ-दहा तास त्याच वसाहतीत राबणाऱ्या स्वयंपाकिणी, सुरक्षारक्षक आणि वाहनचालक त्यात कोठेच नव्हते.

संख्याशास्त्रात ज्याला निवडीचा पूर्वग्रह म्हणतात तो हाच. त्याचे परिणाम किती गंभीर असू शकतात, हे जुलै २०२० मध्ये मुंबईत झालेल्या प्रतिपिंड-सर्वेक्षणावरून स्पष्ट होते. महापालिकेच्या तीन प्रभागांत झोपडपट्टीतील ४,२०२ आणि इतर वस्तीतील २,७०२ व्यक्तींचे रक्त तपासण्यात आले. झोपडपट्टीत सुमारे ५४ टक्के लोकांमध्ये कोविडची प्रतिपिंडे आढळली, तर इतर वस्तीत सुमारे १६ टक्के लोकांमध्ये. केवळ इमारतींमधून रक्त घेतले असते तर साथ जेमतेम पसरली आहे असा निष्कर्ष निघाला असता. केवळ झोपडपट्टीतून घेतले असते तर ती निम्म्याहून अधिक शहरभर पसरली आहे असे वाटले असते. दोन्ही चित्रे चुकीची ठरली असती.

श्रीमंत देशही याला अपवाद नाहीत. ब्रिटनच्या राष्ट्रीय जैवपेढीने २००६ ते २०१० या काळात ४० ते ६९ वयोगटातील सुमारे पाच लाख लोकांचे नमुने गोळा केले. परंतु निमंत्रितांपैकी केवळ साडेपाच टक्क्यांच्या आसपास लोक सहभागी झाले आणि ते सर्वसाधारण लोकसंख्येपेक्षा अधिक निरोगी होते, असे नंतर आढळले.

भारतात ही उणीव भरून काढण्याचा महत्त्वाचा प्रयत्न म्हणजे जैवतंत्रज्ञान विभागाचा जीनोमइंडिया प्रकल्प होय. जानेवारी २०२० मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पात २० संस्था सहभागी झाल्या आणि बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या परिसरातील मेंदू संशोधन केंद्राने त्याचे समन्वयन केले. आदिवासी समूहांसह ८३ लोकसमूहांतील दहा हजार व्यक्तींच्या जनुकसंचाचे वाचन पूर्ण झाल्याची घोषणा फेब्रुवारी २०२४ मध्ये झाली. ९ जानेवारी २०२५ रोजी ही विदा फरिदाबाद येथील भारतीय जैविक विदा केंद्राद्वारे संशोधकांसाठी खुली करण्यात आली. याच मेंदू संशोधन केंद्राने कोलार जिल्ह्यातील श्रीनिवासपुरा तालुक्यात ४५ वर्षांपुढील ग्रामस्थांचा दीर्घकालीन अभ्यास हाती घेतला आहे. वार्धक्यातील स्मृतिभ्रंशाविषयीचे ज्ञान केवळ शहरी सुशिक्षितांवरून बेतले जाऊ नये, ही त्यामागील जाणीव स्वागतार्ह आहे.

पुढील दिशा

आजमितीस भारतात जैवपेढ्यांसाठी स्वतंत्र कायदा नाही. परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे, नवीन औषधे व चिकित्सालयीन चाचण्या नियम, २०१९ अन्वये नैतिकता समित्यांची नोंदणी आणि परदेशी सहकार्याच्या संशोधन प्रकल्पांची आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीकडून होणारी तपासणी, अशी ही चौकट आहे. ती निरुपयोगी नाही. पण मार्गदर्शक तत्त्वांचा भंग झाल्यास सामान्य दात्याने दाद कोठे मागावी, याचे सोपे उत्तर तिच्यात सापडत नाही. या पार्श्वभूमीवर काही बाबींचा विचार अगत्याचा वाटतो.

पहिली बाब भाषेची. संमतिपत्र दात्याच्या घरच्या भाषेत आणि ऐकून समजेल अशा शब्दांत असावे. एचएसआर लेआउटसारख्या वसाहतीत याचा अर्थ कन्नडबरोबरच तमिळ, तेलुगू, हिंदी आणि प्रसंगी मराठी असाही होतो. दुसरी बाब परतीच्या निरोपाची. वैयक्तिक अहवाल देणे शक्य नसले तरी ‘तुमच्या नमुन्यांतून हे कळले’ असे वर्षातून एकदा दात्यांना सांगणे कोणत्याही संस्थेस अशक्य नाही. तिसरी बाब माघारीच्या हक्काची. नमुना नष्ट करण्याची विनंती कोणाकडे करायची हे संमतिपत्रावर ठळकपणे असावे. ओळख पूर्णपणे पुसून टाकल्यानंतर माघार घेता येत नाही, हेही त्याच ठिकाणी प्रामाणिकपणे सांगावे. चौथी बाब लाभवाटपाची. सार्वजनिक नमुन्यांवर खाजगी कंपनीने औषध विकसित केल्यास ते दात्यांच्या समूहाला परवडणाऱ्या दरात मिळेल, अशी अट नमुने देतानाच घालता येऊ शकते. पाचवी बाब देखरेखीची. देशातील जैवपेढ्यांची सार्वजनिक नोंदवही आणि नियतकालिक लेखापरीक्षण असल्यास विश्वासाला पुराव्याचा आधार मिळेल.

या उपाययोजनांना खर्च येईल आणि संशोधनास थोडा विलंबही होईल. तो खर्च पायाभूत सुविधेवरील गुंतवणूक म्हणून पाहिला पाहिजे. शीतकपाटे विकत घेता येतात, जनुकवाचनाची यंत्रेही आयात करता येतात. विश्वास मात्र प्रत्येक पिढीच्या अनुभवातून साठत जातो आणि एका फसवणुकीने नाहीसा होतो.

एचएसआर लेआउटमधील ते निवेदन काही आठवडे फलकावर होते. त्याखाली कोणीतरी शाईने एक ओळ लिहिली होती : नमुना देण्यास हरकत नाही, पण आधी येऊन बोला. नमुनादानाविषयीच्या लोकमानसाचा सारांश या एका ओळीत आला आहे. ज्या दिवशी संशोधक बोलण्यासाठी येतील आणि त्या बैठकीत भालकीच्या बाईंसाठीही एक खुर्ची मांडलेली असेल, त्या दिवशी दान हा शब्द या व्यवहारास खऱ्या अर्थाने शोभेल.